मान उजवीकडे

कॉम्प्रेसर बंद केला तरी आवाज चालूच राहिला, आणि तिला आधी वाटलं की मेकॅनिक लबाडी करतोय. दातांचा दवाखाना तिचा. ड्रिलला हवा पुरवणारं हे यंत्र मागच्या बाजूला, जिन्याखालच्या कोंदट जागेत बसवलेलं. गेले काही महिने ते धापा टाकतंय असं तिचं ठाम म्हणणं होतं. हुश्श, हुश्श, हुश्श. एखाद्या जाड माणसानं मजले चढून यावं, दाराबाहेर उभं राहून दम खावा आणि आत मात्र कधी येऊ नये, तसं. मेकॅनिक एकदा येऊन पट्टा बदलून गेला. पुढच्या खेपेला यंत्राच्या पायांखाली रबर घालून गेला. आज आला तो ओठांवर हसू घेऊनच, आणि काही न उघडता त्यानं सरळ प्लग उपटून तिच्या हातात दिला. "घ्या मॅडम. आता याचा जीव तुमच्या हातात. बोला." प्लग तिच्या डाव्या हातात होता, यंत्र गप्पगार होतं, आणि हुश्श, हुश्श, हुश्श. "ऐकू येतंय ना?" तिनं विचारलं. "काय?" म्हणत त्यानं भिंतीला कान लावला, मग सभ्यपणानं जिन्यालाही लावला. त्याच्या पुढच्या दातावरची टोपी तिनंच बसवलेली, शेजारच्या दातापेक्षा किंचित जास्त पांढरी. तो हसला की तिची चूक तिला डोळा मारायची. आत्ताही मारली. बाहेरच्या टेबलावरून वन्संचा आवाज आला, "मी पहिल्यापासून सांगतेय, मला काही ऐकू येत नाही म्हणून. पण आमचं इथे ऐकतं कोण." तिनं प्लग मेकॅनिकला परत दिला, उजव्या मनगटावर डावी बोटं ठेवली आणि उभ्या उभ्या ताडून पाहिलं. हुश्शला ठोका, ठोक्याला हुश्श. यंत्र तिच्या आतच होतं.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण घाबरण्याच्या आधी तिला जे वाटलं ते दाढेच्या मुळात चौथी नळी सापडल्यावर वाटतं तसलं होतं. वरच्या मोठ्या दाढेला तीन नळ्या असतात असं धरून आपण साफ करतो, भरतो, आणि तरी माणूस तक्रार करत राहतो. आपण त्याला नाजूक म्हणतो, गोळी देतो, मनातल्या मनात त्याच्या नावावर एक किरकिर मांडून ठेवतो. आणि मग एक दिवस सुई भलतीकडेच सुळकन आत जाते. चौथी नळी. माणूस खरं बोलत होता. त्या सुळकन जाण्यात जो आनंद असतो तो तिनं आजवर कुणाला सांगितलेला नव्हता, कारण समोरच्याचं तोंड त्या वेळी उघडं असतं आणि त्याला आनंदात सामील होता येत नाही.

माणसं ती दातांवरूनच ओळखायची. रस्त्यात कुणी नमस्कार केला की चेहरा आठवायचा नाही, पण हसला की खालची डावी दाढ आठवायची आणि मग दाढेला धरून माणूस वर यायचा. कोण झोपेत दात खातो, म्हणजे दिवसा काय गिळतो. कोण दोनदा ब्रश करतो म्हणून सांगतो आणि एकदाही करत नाही. कोण बायकोसमोर दुखत नाही म्हणतो. सगळी खाती तिच्या डोक्यात तोंडपाठ. नवऱ्याचे दात सरळ, मजबूत, बिनकिडीचे. असे दात असणाऱ्या माणसाला जगात काही बिघडू शकतं यावर विश्वासच नसतो. तो शहराच्या पाणीपुरवठ्यात होता, नळ, व्हॉल्व्ह आणि टाक्या यांच्यात रमलेला, आणि घरातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याचं एकच उत्तर असायचं, "काही नसतं गं." वन्सं म्हणजे त्याची मोठी बहीण. तिच्या खालच्या दाढांची टोकं झिजून सपाट झाली होती. लग्न मोडून माहेरी आलेली, वडिलांच्या दवाखान्यातलं रिसेप्शन तेव्हापासून सांभाळणारी. पेशंटांच्या वेळा ती तोंडी लक्षात ठेवायची आणि लोकांनी केलेले अपमानही, आणि दोन्हींत तिची कधी चूक व्हायची नाही.

दवाखाना सासऱ्यांचा. खुर्चीही त्यांचीच, लोखंडी, जड, जमिनीत बोल्टांनी पक्की केलेली, आणि उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली. पेशंटच्या उजवीकडे डॉक्टरनं बसायचं, डावीकडे थुंकायचं भांडं, वरून लोंबणारा दिवाही त्याच बेतानं. सून निघाली डावखुरी. ती बसणार पेशंटच्या डावीकडे, भांड्याच्या अलीकडे, गुडघे कुठेतरी कोंबून; पेशंटचं डोकं तिच्या उजव्या हाताला, म्हणून सबंध दिवस मान उजवीकडे वळवून आणि खाली घालून काम. खुर्ची बदलायचा विषय तिनं सासरे गेल्यावर एकदाच काढला होता. वन्सं खुर्चीचा पाठीचा भाग ओल्या फडक्यानं पुसायला लागली, आणि पुसतच राहिली. विषय तिथे संपला. वडिलांच्या खुर्चीचा मान होता, आणि मान राखायला काही लागत नाही असं त्या घरात सगळे धरून चालत होते.

मेकॅनिक गेल्यावर थोड्याच दिवसांनी एका वकिलाच्या दाढेत ड्रिल असताना ती दाढच गेली. वकील होता, तोंड होतं, हातात ड्रिल फिरत होतं, आणि मधली दाढ धुरकट होऊन कडेकडेनं विझत आली, कुणीतरी दिव्याचा रेग्युलेटर सावकाश मागे फिरवावा तशी. तिनं पायाखालचं पेडल सोडलं. मान सरळ करून एकदोन श्वास घेतले तोवर दाढ परत जागेवर आली. वकिलाला काही कळलं नाही; तो घशातून आपल्या मुलीच्या लग्नाविषयी काहीतरी सांगत होता. पण ती त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेली. डोळेवाल्या बाईंनी प्रखर उजेडात डोळ्याच्या तळाशी पाहिलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. बडबड्या बाई थांबल्या की काय समजायचं ते तिला समजलं. डोळ्यामागची नस सुजली होती. कवटीच्या आत मेंदूभोवती जे पाणी असतं त्याचा दाब वाढला की ती अशी सुजते. दाब एकदम चढला की क्षणभर समोरचंही विझतं; एरवी ते नीट दिसतं, नजर कायमची झिजते ती कडेनं. "झिजलेलं परत येत नाही," डोळेवाल्या बाई म्हणाल्या, "उरलेलं वाचवायचं." उरलेलं म्हणजे तिचं सगळंच. दाताच्या डॉक्टरला तेवढंच लागतं, एक हात आणि एका दाढेएवढी स्वच्छ नजर.

मग मेंदूचे डॉक्टर. म्हातारपणाकडे झुकलेले, सावकाश बोलणारे. खालचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले, त्यामुळे हसताना हात तोंडापुढे यायचा. त्यांनी तिला कुशीवर झोपवून पाठीतून सुई घालून दाब मोजला. वाढलेला होता, पण फार नाही, त्यांच्या शब्दांत "एवढी सूज यावी इतका नाही." डोक्याची आणि मानेची चित्रं काढली. मेंदूत गाठ नाही. मेंदूतलं रक्त खाली उतरवणाऱ्या मानेतल्या दोन मोठ्या शिरांपैकी डावी जन्मापासून बारीक, पण तशी ती पुष्कळांची असते. उजवी मोठी, मोकळी. "मग कशानं?" तिनं विचारलं. "कारण सापडतंच असं नाही. अशा बायकांमध्ये दिसतं हे." "अशा म्हणजे कशा?" डॉक्टर कागद खालीवर करत म्हणाले, "थोडं वजन. थोडा ताण. मनावर फार घेत जाऊ नका." तिनं मनावर घेतलं नाही, गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या आणि थंड पेयातले बुडबुडे गंजक्या खिळ्यासारखे लागायला लागले. थंड पेय सोडता येतं. बोटं कशी सोडायची? मुळातली सुई कुठे अडते आणि कुठे पुढे सरकते हे बोटांच्या टोकांनाच कळतं, डोळ्यांना ते दिसतही नाही. म्हणजे डोळे वाचवायला बोटं द्यायची. पुढच्या तपासणीत नजरेची कड आणखी आत सरकली असली तर डोक्यातून पोटापर्यंत एक नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि दवाखान्याचं काय असं तिनं विचारल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं. "काही नसतं गं," नवरा म्हणाला, पण या वेळी जरा हळू.

म्हणून त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी ती गप्प होती. बोटांना मुंग्या, कानात तो जाडा माणूस दम खातोय. तिची खुर्ची मधली, डावीकडे नवरा, उजवीकडे वन्सं. जागा लग्नाच्या वेळी ठरल्या त्या ठरल्या. वन्संनं मीठ मागितलं. तिनं समोर बघत हात लांबवून मीठ उजवीकडे सरकवलं. एवढंच. आणि वन्संनं चमचा ताटात ठेवला, अगदी आवाज न करता, आणि म्हणाली, "आपला पेशंट असता तर त्याला तरी बघितलं असतंस."

"काय झालं वन्सं?"

"हेच. हे असं. भिंतीशी बोलल्यासारखं. वर्ष होत आलं वहिनी, तू माझ्याकडे मान वळवून बघितलेलं नाहीस. मीठ दे म्हटलं, भिंतीकडे बघून देतेस. पेशंट आलाय म्हटलं, दिव्याकडे बघून हो म्हणतेस. मी म्हटलं असेल बाबा, डॉक्टर आहे, डोक्यात विचार असतील. पण त्याच्याशी बोलताना बरी वळते मान."

"ताई, आता हे काय मध्येच," नवरा म्हणाला.

"मध्येच नाही. वर्षभर मोजतेय."

"वन्सं, असं काही नाही हो," असं ती म्हणाली, आणि म्हणताना, खरंच असं काही नाही हे दाखवायला, पूर्ण मान उजवीकडे वळवून तिनं वन्संकडे पाहिलं. हुश्शचा एकदम लोट आला. जाडा माणूस दाराबाहेर होता तो दार ढकलून आत शिरला. कपाळामागे काहीतरी फुगलं, आणि वन्संचा चेहरा मधोमध स्वच्छ राहून त्याच्या भोवतीचं टेबल, खिडकी, फळी सगळं करडं व्हायला लागलं. तिनं मान परत सरळ केली. लोट ओसरला, खिडकी सावकाश खिडकी झाली. ती तशीच बसली. मग डावीकडे, नवऱ्याकडे पाहिलं. काही नाही. सरळ. मग पुन्हा उजवीकडे, वन्संकडे. आला. आतून काहीतरी उसळी मारून वर आलं, ती भीती नव्हती. सुई सुळकन गेली होती. ती पुन्हा सरळ झाली, पुन्हा वळली, पुन्हा सरळ झाली, लहान मुलाला नवीन बटण सापडावं तशी.

"बघ," वन्सं भावाला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, "बघ, चेष्टा करतेय माझी."

"नाही हो वन्सं, थांबा. थांबा जरा. बोलू नका, फक्त तिथेच बसा." ती वळली. "आता येतंय." सरळ झाली. "आता जातंय. वन्सं, तुमच्यामुळे येतंय."

"माझ्यामुळे?"

"तुमच्याकडे बघितलं की येतंय."

हे वाक्य जितकं आनंदानं म्हटलं गेलं तितकंच वाईट लागलं. वन्सं ताट घेऊन उठली. तिनं वन्संचं मनगट धरलं आणि सोडलं नाही, शेवटी वन्सं अर्धवट उभी, अर्धवट बसलेली, आणि ती तिचा हात धरून नवऱ्याला विचारतेय, "टाकीत पाणी येतंय तेवढंच येतंय, पण दाब वाढला. का वाढेल?" नवरा आपल्या प्रांतात आल्यावर लगेच सरळ बसला. "खाली जाणारी लाइन कुठेतरी दाबली गेली असेल. येणारं कमी होत नाही, जाणाऱ्याला वाट नाही, मग टाकीत चढणारच. आमच्याकडे नेहमीचं आहे. एखादा ट्रक नळावर उभा राहतो. आम्ही जाऊन बघेपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो, आणि नळ एकदम ठणठणीत." "ट्रक निघून गेलेला असतो," ती म्हणाली. तिनं वन्संचं मनगट इतकं घट्ट धरलं की वन्सं आई गं म्हणाली. चित्रं काढली तेव्हा तिला उताणं, सरळ झोपवलं होतं. मान हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या. सुई घातली तेव्हाही मान सरळ. डोळेवाल्या बाईंच्या यंत्रात हनुवटी ठेवली, सरळ. जगात जो भेटेल तो तिला आधी सरळ करून मग तपासत होता, आणि ती जगली होती वाकडी. आणि वाकडेपणा दुखतो म्हणून, न कळत, जिथे वळलंच पाहिजे असं नव्हतं तिथे तिनं वळणं सोडून दिलं होतं. दवाखान्यात सुटका नव्हती, तिथे दाढ उजवीकडे होती. घरी सुटका होती, कारण घरी उजवीकडे फक्त वन्सं होती. हे शेवटचं वाक्य तिनं मनातच ठेवलं. वन्संला ते नंतर आपोआप समजलं, आणि तिनं ते कुठल्या खात्यात टाकलं कोण जाणे.

त्या रात्री ती आडवी झाली पण झोप कुठली. मान वळवायची, मोजायची, सरळ करायची. लहानपणी शाळेत डावा हात बांधून ठेवणाऱ्या बाई तिला आठवल्या. उजव्या हातानं काढलेली अक्षरं कशी झोपेत चालल्यासारखी दिसायची. मग डावा हात सुटला आणि तिला वाटलं आपण सुटलो. आता अंधारात तिला हसू येत होतं, की हात सुटला तर बांधायला मान सापडली होती. पुस्तकातल्या हाडांची चित्रं तिनं डोळ्यांपुढे आणली. कानामागून एक सुईसारखं हाड खाली येतं. मानेच्या पहिल्या मणक्याला बाजूला एक शिंग असतं. दोघांच्या मधून ती शीर उतरते. मान वळली की मणका वळतो, शिंग पुढे येतं. हाड आणि शिंग, चिमटा आणि शीर. आणि दुसरी शीर जन्मापासून बारीक, म्हणजे टाकीला वाट एकच. ती उठून बसली, नवऱ्याला हलवलं. "ट्रक," ती म्हणाली. "हं," तो म्हणाला आणि कूस बदलली.

मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ती खुर्चीत टेकलीही नव्हती. उभं राहून मान वळवून दाखवत होती, हातांनी मणका करत होती. "बसा," ते म्हणाले. ती बसली आणि बसल्या बसल्या वळवून दाखवायला लागली. "हे बघा डॉक्टर," ते तिला डॉक्टर म्हणाले, हे पहिल्यांदाच, "मान वळवली की शीर थोडी सगळ्यांचीच दबते. माझीही दबत असेल. म्हणून माझे डोळे जात नाहीत. तुमची डावी बारीक आहे हे खरं. पण म्हणून कारण सापडलं असं मी म्हणणार नाही. माणसाला कारण सापडलं की फार बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून ते खरं वाटतं." तिला हे पटलं, हेच वाईट होतं. ती स्वतः पेशंटांना हेच सांगायची. "मग मोजा," ती म्हणाली. "पुन्हा सुई घाला. या वेळी मान वळवून." डॉक्टर पेनचं टोपण काढत आणि घालत राहिले. पाठीत सुई घालून घ्यायला आपण होऊन आलेला पेशंट त्यांनी पाहिलेला नसावा. "चढलं नाही तर?" "तर गोळ्या घेईन. नळी घालून घेईन. खुर्ची विकेन. आणि चढलं तर?" "चढलं," डॉक्टर म्हणाले, "तर शीर मोकळी करायचा विचार करता येईल. ते शिंग थोडं घासायचं." "घासायचं म्हणजे ड्रिलनं?" "ड्रिलनं." तिला इतका आनंद झाला की डॉक्टरांनाच संकोच वाटला.

मोजायच्या दिवशी शहराच्या उत्तर भागाचं पाणी गेलं आणि नवरा तिकडे अडकला. वन्सं बरोबर आली. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. वन्सं मुद्दाम डावीकडे बसली होती आणि ते लक्षात आलं नाहीये असं दोघी दाखवत होत्या. "चढायला पाहिजे म्हणजे काय पाहिजे?" वन्संनं विचारलं. "पाणी वर गेलं पाहिजे." "म्हणजे वाईट झालं पाहिजे." "हो." "आणि वाईट झालं तर चांगलं." "हो वन्सं." वन्संनं पर्स उघडली, आतलं काही काढलं नाही, मिटली. "चढलं तर खुर्ची काढू," ती म्हणाली. "मी सांगेन तुझ्या नवऱ्याला. पण नाही चढलं तर बाबांची खुर्ची उगीच बदनाम करायची नाही." "नाही करणार." "पुन्हा तो विषयही काढायचा नाही." "नाही काढणार." एवढं पक्कं करून घेतल्यावर वन्संनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. कशासाठी ते तिनं विचारलं नाही. चढावं म्हणून की चढू नये म्हणून, हा प्रश्न तिथेच त्या बाकावर राहिला.

टेबल गार होतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी खाली. कागदी चादर गालाला चिकटत होती. पाठीवर औषधाचा ओला गारठा फिरला, मग एक डंख, मग तो डंखामागचा बोथट रेटा, जो ती स्वतः लोकांच्या हिरड्यांना रोज देते आणि ज्याला ती "थोडं दाबल्यासारखं वाटेल" म्हणते. थोडं नव्हतं. यापुढे वेगळा शब्द वापरायचा असं तिनं ठरवलं. पाठीमागे नर्सनं उभी काचेची नळी धरली होती. त्यात पाणी चढून कुठे थांबतं ते डॉक्टर बघणार. आधी सरळ. वन्संला पायाकडच्या कोपऱ्यात उभं राहायला परवानगी मिळाली होती, कशाला हात न लावण्याच्या अटीवर. "आहे," डॉक्टर म्हणाले, "मागच्यासारखंच." नर्सनं आकडा लिहिला. तिचं काळीज इतक्या जोरात चाललं होतं की हुश्श त्याच्या मागे धावत होता. आत्ता नाही आलं तर? रोज आलं, टेबलाशी आलं, आरशापुढे आलं, आणि आत्ता नेमकं नाही आलं तर? पेशंट दवाखान्याची पायरी चढला की दाढ दुखायची थांबते, तसं. "आता सावकाश मान उजवीकडे," डॉक्टर म्हणाले. डाव्या कुशीवर उजवीकडे म्हणजे छताकडे. तिनं हनुवटी उचलली, मान फिरवली, आणखी फिरवली, दवाखान्यातल्यासारखी, जणू छतावर कुणाचं तरी तोंड उघडं आहे. आणि आला. जाडा माणूस दार मोडून आत आला. छतावरचा दिवा मधोमध पांढरा राहिला, त्याच्या भोवतीचं छत करडं होत आत सरकायला लागलं, कपाळामागे ते फुगणं, कानात लोटावर लोट, आणि या सगळ्याच्या तळाशी ती एकच गोष्ट ऐकत होती, डॉक्टर काही बोलतात का ते.

डॉक्टर बोलले नाहीत. श्वास गेला, दुसरा गेला. म्हणजे नाही. म्हणजे माझंच. म्हणजे अशा बायकांमध्ये. नळी, गोळ्या, मुंग्या, खुर्चीवर दुसरं कुणीतरी, उजव्या हाताचं. दिवा आता दाढेएवढा उरला होता. मग पायाकडून, घोगरा, चोरून बोलल्यासारखा वन्संचा आवाज आला. "वहिनी. चढतंय गं."

"बोलू नका," डॉक्टर म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांच्या ताब्यात नव्हता. "सिस्टर, वरची नळी जोडा. लवकर. ही संपतेय."

काचेवर काच बसल्याचा बारीक टक्क झाला. तसा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता, कवळी बसते तेव्हाचाही इतका गोड नसतो. "धरवतंय का अजून?" डॉक्टरांनी विचारलं. "धरवतंय," ती म्हणाली; धरवत नव्हतं. "बास. आता सरळ. अगदी सावकाश." ती सरळ झाली आणि लोट उतरला, आणि पाठीमागे कुणी न सांगता तिला कळलं की नळीतही उतरतंय. करड्यातून खोली परत यायला लागली, आधी दिवा, मग छताची कड, मग भिंत. "पुन्हा एकदा," ती म्हणाली. डॉक्टर हो म्हणाले. त्यांनाही पुन्हा बघायचं होतं. पुन्हा चढलं. पुन्हा उतरलं. डॉक्टर टेबलाला वळसा घालून तिच्या चेहऱ्यासमोर आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. ते हसत होते, आणि हात तोंडापुढे न्यायचं विसरले होते. एकमेकांवर चढलेले ते दात तिनं पहिल्यांदा नीट पाहिले. "घासून घेऊ," ते म्हणाले. "डोळ्याची नस अजून जिवंत आहे. वेळेत आहोत आपण."

"डॉक्टर," वन्सं कोपऱ्यातून म्हणाली, "म्हणजे हिला आजार आहे? खरंच आहे?"

"आहे."

"नक्की ना? मनाचा नाही?"

"मनाचा नाही," डॉक्टर म्हणाले. "मानेचा आहे."

"हुश्श. बरं झालं बाई," वन्सं म्हणाली, इतक्या मनापासून, इतक्या मोकळ्या गळ्यानं, की नर्सनं चमकून तिच्याकडे पाहिलं. कुशीवर पडलेल्या तिच्या आधी खांद्यात काहीतरी हललं, मग पोटात, मग कागदी चादर सळसळायला लागली.

"हसू नका," डॉक्टर घाईनं नळीकडे गेले. "सुई आहे अजून. अहो, हसण्यानंही चढतं."

तिनं ओठ मिटले, गाल चावला, दवाखान्यातलं सगळ्यांत कंटाळवाणं तोंड आठवून पाहिलं. उपयोग झाला नाही. पाणी पुन्हा वर निघालं होतं, दुसऱ्या नळीच्या दिशेनं, आणि या वेळी मान अगदी सरळ होती. नर्सनं पेन उचललं. "हा आकडा लिहू का?"

"हा नको," डॉक्टर म्हणाले, आणि नळी हलू नये म्हणून स्वतःचं हसू त्यांनी खालच्या दातांनी धरून ठेवलं.